एका ग्रॅमचं अंगण

कोकोची शेंग फोडली की बिया काढून घेतात
आणि कवच तिथेच झाडाबुडी टाकून देतात.
पावसाने ते सडतं, बुरशी धरतं,
मग तीच बुरशी वर चढून पुढच्या शेंगेला गाठते.
बियांचं चॉकलेट होतं, फार लांब कुठेतरी.
कुमासीच्या आसपास साठ वर्षं शेंगा फोडून
ज्यांनी ते चाखलेलं नाही
अशी माणसं मला बसमध्ये रोज भेटतात.

मी प्रयोगशाळेतला मदतनीस.
भट्टी लावणं, नळ्या धुणं, वहीत आकडे उतरवणं,
आणि वीज गेली की शिव्या देणं.
शेवटचं काम पगारात धरलेलं नाही.
आमच्याकडे या प्रकाराला एकच शब्द आहे: दुम्सोर.
विझव-पेटव.
भट्टी सातशे अंशांवर असताना आलेला दुम्सोर
म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं.

सेलोर्म या मुलीला कवचांचा कोळसा हवा होता,
पण साधा नाही, भोकांचा.
इतक्या बारीक भोकांचा
की एका ग्रॅमच्या पोटातल्या भिंती उलगडून अंथरल्या
तर साडेतीन चिमटींत फुटबॉलचं मैदान झाकेल.
मी म्हटलं, बाई, आमच्या शाळेला मैदान नव्हतं,
तेव्हा कुठे होतीस?

भोकं पाडायला पोटॅश लागतं.
पोटॅशचा पिंप तेमा बंदरात अडकला होता,
एका शिक्क्यासाठी, सात आठवडे.

आणि मग फ्रेम्पोमा आली,
भांडायला.
कमरेवर हात, कोपरापर्यंत राख.
"अग्येईच्या बागेतली सालं कोण उचलतं? तुम्ही?
ती माझी आहेत.
तीन पिढ्या आम्ही त्यांचा काळा साबण करतो."
सेलोर्मने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं.
फ्रेम्पोमाने रिकामी बाटली पाहिली, विचारलं,
यात काय असतं?
ऐकून हसली.
राखेतून पाणी गाळलं की हेच उतरतं, म्हणाली,
जिभेला चावलं की समजायचं, झालं.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या डब्यात ते आलं.
चहासारखं तपकिरी, बोटांना बुळबुळीत.
सेलोर्मने मोजलं, आटवलं, पुन्हा मोजलं.
जिभेवर मात्र मीच ठेवलं, एक थेंब.
दोन दिवस जेवणाला चव नव्हती.

सालीचा कोळसा, सालीच्याच राखेने पोखरलेला.
कोळसा उगाळावा तितका काळाच, खरं आहे,
पण हा नुसता काळा नव्हता.
पोकळ म्हटलं की आपण नाक मुरडतो,
पोकळ गप्पा, पोकळ वासा;
आणि इथे ही पोर
रात्र रात्र जागून पोकळीच वाढवत होती,
विजेला टेकायला जागा व्हावी म्हणून.

धुतला, धुतला, पाणी निवळेपर्यंत धुतला.
चकत्यांवर लेप दिला, मध्ये ओला कागद,
तीन घड्या एकीला एक जोडल्या.
दुपारी तीनला दुम्सोर.
पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली,
बाहेर हरमाटनची धूळ खिडकीवर घासत राहिली,
आणि टेबलावर एक लाल दिवा
डाळिंबाच्या दाण्याएवढा.
फ्रेम्पोमा मोजू लागली, मोठ्याने, त्वी भाषेत.
शंभरावर तिला खोकला आला, मग मी मोजलं.
दोनशे अठरा.
त्यानंतर तो होता की नव्हता
यावर आमचं अजून एकमत नाही.

वहीत एक रकाना असतो: रसायनाचा पुरवठादार.
तिथे कंपन्यांची लांबलचक नावं लिहायची असतात.
मी लिहिलं,
फ्रेम्पोमा, जुन्या ताफोचा बाजार, साबणाची तिसरी टपरी.
सेलोर्मने खोडलं नाही.

फ्रेम्पोमा निघताना दारात थांबली.
डबा परत द्या, म्हणाली,
आणि पुढच्या खेपेला फुकट नाही हं.